पीडीएफमधले फोटो मूळ दर्जात बाहेर कसे काढायचे?

पानोपानी

संस्थेच्या स्मरणिकेची छापखान्याला दिलेली अंतिम पीडीएफ आहे. ए४ आकार, ११२ पानं, फाइल १८० एमबीच्या आसपास. मूळ फोटोंचं फोल्डर आता मिळत नाही आणि नव्या आवृत्तीसाठी त्यातलेच फोटो हवेत. स्क्रीनशॉट छपाईत फुटतात. एका मोफत प्रोग्रॅमने फोटो काढून पाहिले, तर हे प्रकार झाले:

- काही फोटोंमागे काळा चौकोन येतो, पानावर तिथे पांढरं आहे
- काही फोटो निगेटिव्हसारखे उलट्या रंगांत
- पान २२ वरचा नकाशा आलाच नाही
- पान ४० वरचा मोठा फोटो आडव्या पट्ट्यांमध्ये तुकडे होऊन आला

दुसरी फाइल एका जुन्या मराठी मासिकाची, इंटरनेट अर्काइव्हवरून उतरवलेली. तिच्यात दर पानामागे तीन-तीन चित्रं निघतात आणि एकही पूर्ण पान नसतं.

विंडोज ११ आहे. कमांड टाइप करायला हरकत नाही. ऑनलाइन संकेतस्थळांवर फाइल चढवायची नाही, त्यात सभासदांचे पत्ते आहेत.

---

अक्षरजुळणी

आधी काढायला घेऊ नका, आधी आत काय आहे ते पाहा. तुमच्या चारही तक्रारींची उत्तरं एका यादीत दिसतील.

पॉप्लर नावाच्या मुक्त संचात "पीडीएफइमेजेस" ही कमांड असते. विंडोज ११ वर सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग डब्ल्यूएसएलमधून (विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय) उबुंटू हे लिनक्स बसवण्याचा. त्यात "सुडो ॲप्ट इन्स्टॉल पॉप्लर-युटिल्स" एवढं केलं की झालं. सी ड्राइव्ह तिथे "/एमएनटी/सी" या नावाने दिसतो. (इथे सगळं देवनागरीत लिहितोय. टाइप करताना रोमन छोटी अक्षरं, इंग्रजी अंक, आणि पीडीएफइमेजेस हा एकच सलग शब्द.) फाइलचं नाव रोमनमध्ये, मोकळी जागा न ठेवता करून घ्या.

पीडीएफइमेजेस -लिस्ट स्मरणिका.पीडीएफ

यातून एक तक्ता येतो, दर चित्राला एक ओळ. कामाचे रकाने हे:

"टाइप": इमेज म्हणजे खरं चित्र. एसमास्क म्हणजे त्या चित्राचा पारदर्शकतेचा मुखवटा. स्टेन्सिल म्हणजे एकरंगी साचा, त्यातून शाई भरली जाते.

"कलर" आणि "कॉम्प": आरजीबी (पडद्याचे लाल-हिरवा-निळा), ग्रे, सीएमवायके (छपाईच्या चार शाया) किंवा आयसीसी (रंग नेमके कसे दिसावेत हे सांगणारं प्रोफाइल जोडलेलं). आयसीसी दिसलं तर शेजारचा आकडा पाहा. ३ असेल तर आरजीबी, ४ असेल तर सीएमवायके.

"एन्क": चित्र कोणत्या रूपात दाबलं आहे. जेपेग, जेपीएक्स (म्हणजे जेपेग २०००), जेबिग२, सीसीआयटीटी, किंवा नुसतं "इमेज".

"एक्स-पीपीआय", "वाय-पीपीआय": पानावर ज्या आकारात चित्र बसवलंय त्या आकारात दर इंचाला किती पिक्सेल पडतात. छपाईसाठी हाच आकडा निर्णायक. समजा ओळीत २१२६ × १४१७ आणि पीपीआय ३०० दिसलं, तर तो फोटो १८० × १२० मिमी आकारात व्यवस्थित छापता येईल. दुप्पट मोठा केला की १५० उरतात आणि चेहऱ्यांच्या कडा मऊ पडायला लागतात. पीडीएफ बनवतानाच फोटो १५० वर उतरवले असतील, तर आत तेवढंच आहे. कुठल्याही प्रोग्रॅमने त्याहून जास्त बाहेर येणार नाही.

मग काढायला:

पीडीएफइमेजेस -ऑल -पी स्मरणिका.पीडीएफ फोटो

"-ऑल" विसरू नका. तो दिला की आतला जेपेग जसाच्या तसा, एकही बाइट न बदलता बाहेर येतो. जेपेग २०००, जेबिग२ आणि सीसीआयटीटी हेही मूळ रूपातच येतात. बाकीचं पीएनजी होतं, सीएमवायके असेल तर टिफ. कुठलाच पर्याय दिला नाही तर सगळं पीपीएम या न दाबलेल्या रूपात ओतलं जातं आणि वरचा एकच फोटो ९ एमबीचा होतो. "-पी" मुळे नावात पान क्रमांक येतो: फोटो-०१४-०३७ म्हणजे १४ वं पान, ३७ क्रमांकाचं चित्र (मोजणी शून्यापासून). पानांचा तुकडा घ्यायचा तर "-एफ १४ -एल १६", पण तेव्हा चित्रांचे क्रमांक पुन्हा शून्यापासून सुरू होतात आणि आधीच्या यादीशी जुळत नाहीत. म्हणून पूर्ण फाइल एकदाच काढा आणि नको ते पुसा. हा पान क्रमांक फाइलमधला आहे, पानावर छापलेला नाही. मुखपृष्ठ धरून मोजा.

बोधचिन्ह दर पानावर असेल तर ते दर पानामागे निघेल. यादीत "ऑब्जेक्ट" रकान्यातला क्रमांक सारखा दिसला की समजायचं, एकच चित्र आहे. म्यूपीडीएफ या दुसऱ्या मुक्त संचाची "म्यूटूल एक्स्ट्रॅक्ट" ही कमांड फाइलमधल्या वस्तूंवरून चालते, पानांवरून नाही. त्यामुळे तिच्यात पुनरावृत्ती होत नाही, पण फॉन्टही सोबत बाहेर पडतात आणि कोणतं चित्र कोणत्या पानावरचं ते कळत नाही. तुमच्या कामाला पहिलीच बरी.

काळा चौकोन. पीडीएफमध्ये पारदर्शक चित्र दोन भागांत ठेवतात: रंगाचं चित्र वेगळं, मुखवटा वेगळा. यादीत इमेजच्या लगेच खाली एसमास्क असतो. दोन्ही जोडायला इमेजमॅजिक हा मोफत प्रोग्रॅम:

मॅजिक रंग.पीएनजी मुखवटा.पीएनजी -अल्फा ऑफ -कंपोज कॉपीओपॅसिटी -कंपोझिट जोड.पीएनजी

उबुंटूत "मॅजिक" सापडत नसेल तर त्या जागी "कन्व्हर्ट" लिहा. दोन्हींचा पिक्सेल-आकार वेगळा असू शकतो, सावलीचा मुखवटा बहुतेक वेळा लहान असतो. तो आधी रंगाच्या चित्राइतका करून घ्या. रंगाचं चित्र सीएमवायके असेल तर जोडण्याआधी आरजीबीत न्या, कारण पीएनजीत सीएमवायके बसत नाही.

उलटे रंग. हे सीएमवायके जेपेग आहेत. अडोबीच्या प्रोग्रॅममधून निघणाऱ्या अशा जेपेगमध्ये शाईचे आकडे उलटे लिहिलेले असतात आणि "उलटून वाच" ही सूचना पीडीएफमध्ये चित्राच्या शेजारी असते. चित्र एकटंच बाहेर काढलं की सूचना मागे राहते. आधी फोटोशॉप किंवा गिंप या मोफत फोटो-संपादकात उघडून बघा. तिथे बरोबर दिसलं तर फाइल ठीक आहे, दाखवणारा प्रोग्रॅम चुकतोय. तिथेही उलटं असेल तरच इमेजमॅजिकच्या "-निगेट" ने सरळ करा. उलटताना जेपेग पुन्हा दाबला जातो, म्हणून निकाल टिफमध्ये साठवा.

रंग सरळ झाल्यावरही भडक वाटले तर कारण तेच. आयसीसी प्रोफाइलही पीडीएफमध्ये वेगळं ठेवलेलं असतं, ते जेपेगसोबत येत नाही. छापखान्याने कोणतं प्रोफाइल वापरलं होतं ते विचारा आणि तेच लावा. आणि नवी आवृत्तीही ऑफसेटवरच जाणार असेल तर सीएमवायकेचं आरजीबी आणि परत सीएमवायके असा फेरा घालू नका. काळ्या शाईचं प्रमाण बिघडतं आणि करडे केस तपकिरी दिसायला लागतात.

---

निळी_शाई

नकाशा आणि पट्ट्यांबद्दल लिहितो.

नकाशा निघाला नाही कारण तो चित्रच नाही. इलस्ट्रेटर किंवा कोरलमध्ये काढलेल्या रेषा पीडीएफमध्ये रेषा म्हणूनच राहतात. ही चांगली गोष्ट आहे, तो कितीही मोठा करता येईल.

पीडीएफटूकैरो -एसव्हीजी -एफ २२ -एल २२ स्मरणिका.पीडीएफ नकाशा.एसव्हीजी

एका वेळी एकच पान घ्या. मग इंकस्केप या रेखाचित्रांच्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडून नकाशाभोवतीचा मजकूर काढून टाका. नकाशावरची गावांची नावं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर हाच मार्ग घ्या. या रूपांतरात अक्षरं आकार म्हणून येतात, त्यामुळे फॉन्ट संगणकावर नसला तरी "चिपळूण" हे चिपळूणच दिसतं. तीच नावं कॉपी करून पेस्ट केलीत तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला मिळेल. तोटा एवढाच की नाव दुरुस्त करायचं तर पुन्हा टाइप करावं लागेल. इंकस्केपमध्ये पीडीएफ थेट उघडलीत, तर आयातीच्या चौकटीत पॉप्लर/कैरोवाला पर्याय निवडा.

पट्ट्यांचं कारण बहुधा पीडीएफची आवृत्ती. "पीडीएफइन्फो स्मरणिका.पीडीएफ" करून आवृत्ती पाहा. १.३ असेल तर जवळजवळ नक्कीच तेच. त्या आवृत्तीत पारदर्शकता नसते (ती १.४ पासून आली), म्हणून सावल्या आणि पारदर्शक थर असलेली पानं सपाट करताना प्रोग्रॅम चित्राचे तुकडे पाडतो. सगळ्या पट्ट्या सारख्या रुंदीच्या असतील तर:

मॅजिक फोटो-०४०-*.पीएनजी -अपेंड पूर्ण.पीएनजी

त्या पानावरची दुसरी चित्रं आधी वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा, नाहीतर तीही खाली चिकटतील. पट्ट्या खालून वर अशा क्रमाने आल्या असतील तर नावं उलट्या क्रमाने द्या.

तुकडे आडवे-उभे दोन्ही असतील तर जोडत बसू नका. यादीतला पीपीआय पाहा आणि पूर्ण पान त्याच आकड्याने चित्रित करा:

पीडीएफटूपीपीएम -आर ३०० -पीएनजी -एफ ४० -एल ४० स्मरणिका.पीडीएफ पान

३०० ला ए४ पान सुमारे २४८० × ३५०८ पिक्सेल येतं. फोटो कापून घ्या. फोटोवर मजकूर छापलेला असेल तर तोही येईल, या पद्धतीत ते टळत नाही. आणि यादीत ३०० असताना ६०० ने चित्रित करण्यात काही हशील नाही, फाइल चौपट होते, तपशील तेवढेच.

---

ताम्हण

एवढं करण्यापेक्षा पीडीएफ वर्डमध्ये उघडायची, डॉकएक्स म्हणून साठवायची, नाव बदलून झिप करायचं आणि आतलं "मीडिया" फोल्डर घ्यायचं. कमांड वगैरे काही लागत नाही.

---

अक्षरजुळणी

डॉकएक्स मुळात वर्डमध्ये तयार झालेली असेल तेव्हा ती युक्ती उत्तम आहे. पीडीएफला नको. वर्ड पीडीएफचं रूपांतर करताना पान नव्याने मांडतो, काही भाग सपाट चित्र करून टाकतो आणि साठवताना चित्रं लहान करण्याची सेटिंग आधीच चालू असते. छपाईसाठी काढलेला फोटो तिथून नेऊ नये.

कमांड नकोच असेल तर ॲक्रोबॅट प्रोमध्ये सगळी चित्रं निर्यात करण्याची सोय आहे. त्यात जेपेग न निवडता टिफ निवडा, आणि "यापेक्षा लहान चित्रं वगळा" ही सेटिंग तपासा, नाहीतर पासपोर्ट आकाराचे फोटो गळतील. मोफत रीडरमधलं स्नॅपशॉट साधन म्हणजे स्क्रीनशॉटच.

---

जीर्णपर्ण

मासिकाच्या फाइलबद्दल. ती पीडीएफ सोडून द्या, तिच्यातून चांगलं काही निघणार नाही.

इंटरनेट अर्काइव्ह फाइल लहान राहावी म्हणून पानाचे थर करतं. कागदाचा रंग आणि फोटो यांचा पार्श्वभूमीचा थर जोरात दाबलेल्या जेपेग २००० मध्ये, अक्षरांच्या आकाराचा काळा-पांढरा मुखवटा, आणि शाईच्या रंगाचा तिसरा थर. तुम्हाला मिळणारी तीन चित्रं हीच. फोटो पार्श्वभूमीच्या थरात असतो आणि नेमका तोच सर्वात जास्त दाबलेला असतो. पीडीएफटूपीपीएमने पान पूर्ण दिसेल, पण फोटोतला चेहरा धुरकटच राहील.

त्याच पुस्तकाच्या पानावर उतरवण्याच्या पर्यायांत "सिंगल पेज प्रोसेस्ड जेपी२ झिप" शोधा, किंवा "शो ऑल" वर जाऊन नावात "जेपी२" असलेली झिप फाइल घ्या. त्यात दर पानाचं एक पूर्ण चित्र असतं, थर न पाडलेलं. फाइल पीडीएफच्या कित्येक पट मोठी असते, रात्री लावून ठेवा. जेपी२ गिंपमध्ये उघडते. फक्त मुदतीवर वाचायला मिळणाऱ्या पुस्तकांना ही सोय नसते. आणि कोणी घरी स्कॅन करून नुसती पीडीएफ चढवली असेल तर झिप त्या पीडीएफवरूनच बनलेली असते. अशा वेळी चढवणाऱ्याने दिलेली मूळ पीडीएफ घ्या, तिच्यावर "-लिस्ट" चालवा आणि त्यातला मोठा आकार निवडा.

जुन्या मासिकातले फोटो जाळीच्या ठिपक्यांनी छापलेले असतात. आकार लहान करताना त्यावर लाटांसारखी नक्षी उमटते. आधी ठिपके एकमेकांत मिसळतील इतपत गाउसियन ब्लर (धूसर करण्याचा फिल्टर), मग आकार लहान, शेवटी हलकं शार्पन, याच क्रमाने करा. मूळ प्रत न पुसता.

---

पानोपानी

यादी काढली, बहुतेक फोटो २८० ते ३०० मध्ये आहेत. काळा चौकोन आणि पट्ट्या सुटल्या. आता दोन गोष्टी. पान ३१ वर चार जणांचा फोटो आहे, बाहेर काढलेल्या फाइलमध्ये सहा जण दिसतात. आणि पान ५८ चा फोटो आडवा पडलेला आहे.

---

निळी_शाई

पान ३१: मांडणीत फोटो चौकटीने झाकला होता, कापला नव्हता. इनडिझाइन या पानमांडणीच्या प्रोग्रॅममध्ये निर्यात करताना चौकटीबाहेरचा भाग टाकण्याचा पर्याय बंद असेल, तर पूर्ण फोटो आत राहतो. तुम्हाला हा फायदाच आहे, पण उरलेले दोघे मुद्दाम वगळले असतील तर त्यांना विचारल्याशिवाय पूर्ण फोटो छापू नका. आणि हीच पीडीएफ संकेतस्थळावर ठेवलेली असेल तर तो झाकलेला भाग कोणालाही काढता येतो. तिथे हा पर्याय चालू करून बनवलेली नवी प्रत ठेवा. इनडिझाइनची फाइल नसेल तर निदान त्या पानाचं ३०० ने चित्रण करून ते पान बदला.

पान ५८: फिरवण्याची सूचनाही पानाकडे असते, चित्राकडे नाही. फोटो संपादकात फिरवून साठवला तर पुन्हा दाबला जाईल. त्याऐवजी:

जेपेगट्रॅन -कॉपी ऑल -रोटेट ९० -परफेक्ट -आउटफाइल सरळ.जेपीजी आडवा.जेपीजी

हे दर्जा न गमावता फिरवतं. उबुंटूत ते "लिबजेपेग-टर्बो-प्रोग्स" या संचातून येतं. "-परफेक्ट" मुळे ते अडलं तर फोटोची रुंदी किंवा उंची ८ किंवा १६ च्या पटीत नाही. मग "-परफेक्ट" च्या जागी "-ट्रिम" द्या, कडेचे जास्तीत जास्त १५ पिक्सेल जातील. उलट्या बाजूला फिरला तर ९० च्या जागी २७०.