क्लचचे तेल नुसते वरून भरू नये

आपल्या जुन्या गाडीचे क्लच पॅडल अर्ध्यावरच अडकते आणि गॅरेजमध्ये टाकीत केवळ वरून ऑइल भरून दिले, असे आपण लिहिले आहे. टाकीतले ऑइल स्वच्छ दिसले, तरी खाली स्लेव्ह सिलिंडरपाशी, म्हणजे ऑइलच्या दाबाने क्लच हलवणाऱ्या सिलिंडरपाशी, जुनेच साचून राहते. माझ्या गाडीच्या या सिलिंडरवरचे निपल (जुने ऑइल व हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) उघडले तेव्हा पारदर्शक नळीतून आधी शाईसारखे काळे ऑइल आले आणि त्यात रबराची बारीक भुकटी तरंगत होती. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे सिलिंडरला आतून गंज चढतो आणि सीलची (ऑइल गळू न देणाऱ्या रबरी कडीची) धार खराब होते. डॉट 4 या दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान 230 अंश सेल्सिअस असतो, ओलावा मुरल्यावर तो पुष्कळ खाली येतो.

म्हणून जुने ऑइल खालून काढून टाकावे. त्यासाठी मदतनीसाने पॅडल दाबून धरल्यावरच निपल उघडावे आणि ते पुन्हा घट्ट केल्यावरच पॅडल सोडायला सांगावे, कारण हा क्रम चुकला की हवा आत शिरते. ब्रेक व क्लचची टाकी एकच असल्यास पातळीवर सतत लक्ष हवे. सांडलेला थेंब लगेच पाण्याने धुवावा, नाहीतर गाडीचा रंग निघतो. इतके करूनही पॅडल खाली बसत असेल, तर स्लेव्ह सिलिंडरचे रबरी बूट मागे सारून ओल पाहावी. ती दिसल्यास सील बदलणे भाग आहे.