सेफ्टी, सिक्युरिटी, सेफगार्ड्ज : तिन्हींना 'सुरक्षा'च म्हणायचं का?

टाकबोरू
अणुशक्तीचा इतिहास आणि अण्वस्त्रांची राखण या विषयावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. लेखकाचं म्हणणं असं की अणुउद्योगात सेफ्टी (अपघात टाळणं), सिक्युरिटी (चोरी-घातपात रोखणं) आणि सेफगार्ड्ज (साहित्य बाँबकडे वळत नाही ना याची तपासणी) ही तीन वेगळी कामं आहेत आणि त्यांची गल्लत झाली की धोरणं फसतात. माझ्या मसुद्यात ते वाक्य असं उतरलं : 'सुरक्षा, सुरक्षा आणि सुरक्षा उपाय यांची गल्लत होता कामा नये.' संपादकांनी समासात नुसतं एक उद्गारचिन्ह काढून पान परत पाठवलं.

मग सेफ्टीला 'सुरक्षितता' आणि सिक्युरिटीला 'सुरक्षा' असं ठरवलं. पुढच्याच परिच्छेदात चेर्नोबिलचा अपघात आला. २६ एप्रिल १९८६ च्या त्या रात्री अणुभट्टीवर जी चाचणी चालू होती तिला सगळे 'सुरक्षा चाचणी' म्हणतात. 'सुरक्षितता चाचणी' लिहिलं तर वाक्य लंगडतं. सेफगार्ड्जचं तर अजून नावच काढलं नाही. काय करावं?

शब्दवेल्हाळ
तुमचं ठरवलेलंच बरोबर आहे. '-ता' लागला की भाववाचक नाम होतं. सुरक्षितता ही स्थिती, सुरक्षा ही ती स्थिती टिकवणारी व्यवस्था. वाक्य लंगडत असेल तर तो कानाचा दोष, व्याकरणाचा नाही.

रानजाई
मग 'रस्ता सुरक्षा' म्हणजे काय, रस्ता चोरीला जाऊ नये म्हणून ठेवलेला पहारा? ती सेफ्टी आहे. 'सुरक्षा परिषद' मात्र सिक्युरिटी. आणि 'सुरक्षारक्षक' या शब्दात तर रक्षण दोनदा करून घेतलंय. वापरात दोन्हींचं केव्हाच एक झालंय, वेल्हाळ. प्रत्यय लावून ते फुटायचं नाही.

जुना_टर्बाईन
नोकरीची सगळी वर्षं वीजकेंद्रात गेली म्हणून बोलतो. आत काम करणारा कुणीही 'सुरक्षितता' म्हणत नाही, 'सुरक्षा'ही म्हणत नाही. सेफ्टीवाले आणि सिक्युरिटीवाले, बस्स. आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. ते शब्दावरून नव्हे, दारावरून.

सेफ्टीवाल्याला प्रत्येक दार आतून एका धक्क्यात उघडणारं हवं, कारण आग लागली किंवा किरणोत्सार वाढला तर माणसं बाहेर पडली पाहिजेत. सिक्युरिटीवाल्याला तेच दार कुलूपबंद हवं, कारण आत काय आहे ते त्याला माहीत असतं. एका सरावात कार्डाशिवाय न उघडणाऱ्या दाराशी आम्ही पंधरावीस जण उभे होतो आणि कार्डवाला माणूस पलीकडे. त्यानंतर दोन्ही खात्यांची जी पत्रापत्री झाली तिच्यात दोघांनीही 'सुरक्षेच्या दृष्टीने' असंच लिहिलं होतं!

कागदांचंही तेच. अपघात टाळायचा तर कुठं काय बिघडलं ते चारचौघांत सांगावं लागतं, दुसऱ्या केंद्रांनाही कळवावं लागतं. घातपात टाळायचा तर तेच कागद कपाटात.

माझी व्याख्या विचाराल तर शब्द सोडा, अविश्वास कुणावर आहे ते बघा. सेफ्टीवाल्याचा अविश्वास यंत्रावर आणि दमलेल्या ऑपरेटरवर. सिक्युरिटीवाल्याचा अविश्वास वाईट हेतूच्या माणसावर. सेफगार्ड्जवाल्याचा अविश्वास खुद्द मालकावर, म्हणजे त्या देशाच्या सरकारवर.

अर्धविराम
टर्बाईनकाका, हे शेवटचं फार आवडलं.

टाकबोरूताई, हा घोळ एकट्या मराठीचा नाही. रशियनमध्ये दोन्हींना एकच शब्द, 'बेझोपास्नोस्त'. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या रशियन कागदांत सिक्युरिटीच्या वेळी त्याच शब्दाआधी 'भौतिक' हे विशेषण जोडून निभावून नेतात. जर्मनमध्ये 'झिशरहाइट' दोन्हीकडे चालतो, फरक करायचा तर सिक्युरिटीला 'झिशरुंग' म्हणतात. फ्रेंचांकडे दोन शब्द आहेत, पण सेफ्टीला 'स्यूर्ते' आणि सिक्युरिटीला 'सेक्युरिते'. इतर व्यवहारात 'स्यूर्ते'ला पोलिसी वास आहे, त्यामुळे इंग्रजीवरून येणारा हमखास उलटं करतो. तेव्हा विशेषण लावून मोकळं व्हा : अपघात-सुरक्षा आणि घातपात-सुरक्षा.

शब्दवेल्हाळ
'अपघात-सुरक्षा' म्हणजे अपघाताची सुरक्षा? अपघात नीट व्हावा म्हणून? समासाचा विग्रह करून बघत जा.

अर्धविराम
'अग्निसुरक्षा' म्हणताना आग नीट लागावी असं कुणाला वाटतं?

खडूस_आजोबा
सिक्युरिटीला मराठीत उत्तम शब्द आहे आणि तो तुम्हा कुणाच्या तोंडी येत नाही याचं नवल वाटतं. बंदोबस्त. पोलीस बंदोबस्त, चोख बंदोबस्त, कडेकोट बंदोबस्त. युरेनियमला बंदोबस्त हवा, अणुभट्टीला सुरक्षा हवी. मिटलं.

२८ जुलै २०१२ ला अमेरिकेत टेनेसीमधल्या ओक रिजच्या वाय-१२ या आवारात तीन शांतताकार्यकर्ते कुंपणं कापून शिरले. त्यांतली एक ८२ वर्षांची नन. बाँबच्या दर्जाचं युरेनियम ज्या इमारतीत साठवतात तिच्या भिंतीपर्यंत पोचून त्यांनी घोषणा रंगवल्या, रक्त शिंपडलं. खोट्या इशाऱ्यांची पहारेकऱ्यांना इतकी सवय झाली होती की खरा इशारा वाजला तरी कुणी धावलं नाही. इथं 'सुरक्षितता' अबाधित होती, अपघात कसलाच नव्हता. ढिला होता तो बंदोबस्त. आहे का दुसरा शब्द इतका नेमका बसणारा?

शब्दवेल्हाळ
फारसी आहे.

खडूस_आजोबा
असेल. बंद आणि बस्त, बांधणं आणि जखडणं. आम्ही तो घेऊन इतका काळ लोटला की फारसीने मागितला तरी परत मिळणार नाही.

शब्दवेल्हाळ
मुद्दा सोवळ्याचा नाही. शास्त्रीय परिभाषेत साधित रूपं लागतात. 'बंदोबस्तीय संस्कृती' म्हणणार का? सेफ्टीला खरा प्राचीन शब्द आहे 'क्षेम'. जे नाही ते मिळवणं हा योग, जे आहे ते राखणं हे क्षेम, म्हणून योगक्षेम. 'अणुक्षेम', 'क्षेमसंस्कृती', 'क्षेमपरीक्षण', पाहिजे ते रूप सहज होतं. चेर्नोबिलनंतरच्या १९८६ च्या अहवालात 'सेफ्टी कल्चर' हा शब्दप्रयोग आला आणि तिथून जगभर गेला, त्याला 'क्षेमसंस्कृती' किती शोभेल!

रानजाई
'अणुक्षेम' वाचून वाटतं अणूने घरी पत्र लिहिलंय. इकडील सर्व क्षेम, तिकडील कळवावे.

जुना_टर्बाईन
😄 शिवाय 'जे आहे ते राखणं' ही तर सिक्युरिटीची व्याख्या झाली.

घडीपत्रक
सेफगार्ड्जकडे कुणी बघतच नाहीये, म्हणून मध्ये पडतो. 'सुरक्षा उपाय' हे भाषांतर नुसतं ढिसाळ नाही, दिशाभूल करणारं आहे. सेफगार्ड्ज कशाचंही रक्षण करत नाहीत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक येतात, साहित्याच्या नोंदी ताडून बघतात, मोहरा लावतात, कॅमेरे बसवतात. शांततेच्या कामासाठी दिलेलं साहित्य बाँबकडे वळलं तर ते वेळेत कळावं एवढाच हेतू. किती साहित्य गेलं म्हणजे दखल घ्यायची त्याचंही माप आहे : प्लुटोनियम ८ किलो, अतिसमृद्ध युरेनियममधलं युरेनियम-२३५ असेल तर २५ किलो. चोर आला तर निरीक्षक त्याला अडवणार नाही, ते त्याचं कामच नव्हे.

म्हणजे हे लेखापरीक्षण आहे. आणि लेखापरीक्षणाची जी मर्यादा तीच याची. इराक अण्वस्त्रप्रसारबंदी करारात होता, दाखवलेल्या ठिकाणांची तपासणी होत होती, आणि १९९१ च्या युद्धानंतर न दाखवलेला अख्खा कार्यक्रम सापडला. वही बरोबर होती, दुसरी वही दाखवलीच नव्हती. त्यातूनच १९९७ चा 'अ‍ॅडिशनल प्रोटोकॉल' हा पूरक करार आला, न सांगितलेल्या जागीही जाऊन बघता यावं म्हणून. माझा शब्द 'पडताळणी'.

टाकबोरू
'पडताळणी' छान आहे, पण व्हेरिफिकेशनला तोच शब्द मी आधीच वापरलाय, आणि तो त्याच परिच्छेदात तीनदा येतो. 'निगराणी' चालेल?

शब्दवेल्हाळ
तोही फारसी.

खडूस_आजोबा
वेल्हाळ, तुम्ही 'फारसी' म्हणता तेव्हा ते दाखल्यावर जात लिहिल्यासारखं वाटतं.

अर्धविराम
शस्त्रांच्या बाबतीत तर सेफ्टी आणि सिक्युरिटी दोन्ही एकाच कळीत येतात. २४ जानेवारी १९६१ ला नॉर्थ कॅरोलायनात गोल्ड्सबरोजवळ बी-५२ विमान हवेतच मोडलं आणि दोन हायड्रोजन बाँब खाली आले. त्यांतल्या एकात स्फोटाआधीचे बरेच टप्पे ओलांडले गेले होते. शेवटी आडवा आला तो एक साधा स्विच. ही सेफ्टी. त्याच्या पुढच्याच वर्षी केनेडींनी युरोपातल्या अमेरिकी अण्वस्त्रांना सांकेतिक कुलपं बसवायचा आदेश दिला, भलत्याच्या हाती पडलं तरी चालवता येऊ नये म्हणून. ही सिक्युरिटी. आणि २००७ मध्ये अमेरिकेतल्याच मायनॉट हवाई तळावरून सहा अण्वस्त्रं चुकून विमानाला टांगून बार्क्सडेल तळावर नेली, दीडेक दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही. हे काय म्हणायचं? अपघातही नाही, चोरीही नाही.

जुना_टर्बाईन
त्याला आमच्याकडे 'गलथानपणा' म्हणत. कुठल्याही भाषेत भाषांतर होतं.

रानजाई
कुलपावरून आठवलं. अस्त्र आणि शस्त्र यांतला फरक असा सांगतात की शस्त्र हातात धरायचं, अस्त्र सोडायचं, आणि अस्त्राला मंत्र लागतो. मंत्र येत नसेल तर नुसता बाण. म्हणजे केनेडींनी बसवला तो मंत्रच की! 'अण्वस्त्र' शब्द घडवणाऱ्याला दाद द्यावी लागेल, 'अणुशस्त्र' नाही केलं.

घडीपत्रक
मंत्रामुळे युक्रेनचं उदाहरण घ्या. सोव्हिएत संघ मोडल्यावर तिथं सुमारे १९०० सामरिक अण्वस्त्रं उरली होती, जगातला तिसरा मोठा साठा. पण चालवण्याचे संकेत मॉस्कोकडे. ५ डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्ट मेमोरँडमनुसार ती सोडून द्यायचं ठरलं आणि बदल्यात जे मिळालं त्यावर अजून वाद आहे. इंग्रजी मजकुरात 'अ‍ॅशुरन्सेस' आहे, अमेरिकेने 'गॅरंटी' हा शब्द मुद्दाम टाळला होता. युक्रेनी मजकुरात मात्र गॅरंटीचाच शब्द. एकाच दिवशी सह्या, एकच कागद, दोन भाषांत दोन वजनं. मराठी बातम्यांत सरसकट 'सुरक्षेची हमी' लिहितात. ते युक्रेनी प्रतीचं भाषांतर झालं, वाचून मात्र इंग्रजी प्रत केलेलं असतं.

रानजाई
इंग्रजी प्रतीसाठी 'आश्वासन' हवं. मराठीत आश्वासनाचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असल्याने अर्थही अचूक पोचेल.

टाकबोरू
माझ्या लेखात बुडापेस्ट नाहीये 🙂 सेफगार्ड्जला शेवटी काय लिहू? आणि युक्रेनमधल्या झापोरिझ्झ्या अणुवीजकेंद्राबद्दल एक वाक्य आहे : 'मार्च २०२२ मध्ये रशियन सैन्याने वीजकेंद्र ताब्यात घेतल्यावर सेफ्टी आणि सिक्युरिटी यांच्यातली आण्विक क्षेत्राने आखलेली रेषा पुसली गेली.' हे वाक्य दोन वेगळे शब्द असल्याशिवाय होतच नाही.

शब्दवेल्हाळ
'आण्विक' नव्हे, 'आणविक'. मनूपासून मानव, लघूपासून लाघव, गुरूपासून गौरव, तसंच अणूपासून आणविक. 'आण्विक' हा यण् संधी कुणी, कुठून आणला?

खडूस_आजोबा
वर्तमानपत्रांनी, आणि लोकांनी तो ठेवून घेतला. 'आणविक' म्हटलं की मला आणवलेलं काहीतरी वाटतं.

अर्धविराम
दोन्ही सोडा. ही ऊर्जा अणूची नाहीच, अणुकेंद्राची आहे. सुरुंगाच्या दारूत जे होतं तेही अणूंचीच फेरजुळणी असते, मग तीही अणुऊर्जा का नाही? 'केंद्रकीय' म्हणा.

घडीपत्रक
ही खोड इंग्रजीतही आहे. अमेरिकेचा १९४६ चा कायदा 'अ‍ॅटॉमिक एनर्जी'चा, १९५७ ची आंतरराष्ट्रीय संस्थाही 'अ‍ॅटॉमिक'. शस्त्रं तेवढी हळूहळू 'न्यूक्लिअर' झाली. आणि 'केंद्रकीय' म्हटलं की वाचक दिल्लीकडे बघतो.

शब्दवेल्हाळ
मुळात 'अणू'च चुकीचा. वैशेषिकांच्या मते अविभाज्य तो परमाणू. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचा त्रसरेणू, कवडशात तरंगताना दिसतो तो कण. हिंदीने 'परमाणु' घेतला, रेणूला 'अणु' म्हटलं. आपण एक पायरी खाली घसरून परमाणूला 'अणू' आणि त्यांच्या जुडग्याला 'रेणू' म्हणतो. हिंदी जाणकाराने मराठी विज्ञानाचं पुस्तक उघडलं तर सगळं एका घराने सरकलेलं दिसेल.

जुना_टर्बाईन
अविभाज्य तो परमाणू म्हणता, मग जो फोडून वीज करतो त्याला तेच नाव कसं? फुटल्यावर तरी काढून घ्यायला हवं होतं.

खडूस_आजोबा
'अ‍ॅटम'चा ग्रीक अर्थही न कापता येणारा असाच आहे, त्यांनी कुठं काढून घेतलं?

रानजाई
वेल्हाळ, त्रसरेणूतला रेणू म्हणजे धूळ ना? संस्कृतात तो पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी दोन्ही चालतो असं वाचलंय. मग शाळेत 'तो रेणू' कुणी ठरवला?

शब्दवेल्हाळ
याला वेगळा धागा काढा. आत्ता इथेच सांगायचं तर दोन मुद्दे आहेत, पहिला असा की