कौंटी ‘पाहिली’, ‘झाली’ की ‘केली’?

गावोगाव : आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. या राज्यात ५८ कौंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत आणि त्यांपैकी ज्या हिंडून होतील त्या भिंतीवरच्या नकाशात रंगवण्याचा छंद आम्हा नवराबायकोला जडला आहे. मुलीचा मराठी लिहिण्याचा सराव राहावा म्हणून सोबतची वही मराठीत ठेवायचे ठरले, आणि पहिल्याच रकान्याच्या मथळ्यापाशी घोडे अडले. मी ‘केलेल्या कौंट्या’ असे लिहिले, तेव्हा माझ्या मामेसासऱ्यांनी “कौंट्या काय शेवया आहेत, करायला?” असे विचारले. ‘पाहिलेल्या’ म्हणावे, तर इंटरस्टेट ५ या महामार्गावरून लॉस एंजेलिसला जाताना किंग्ज कौंटी गाडीच्या काचेतूनच मागे पडते. ती पाहिली असे कोणत्या तोंडाने लिहावे? नुसती ओलांडलेली, उतरून हिंडलेली आणि मुक्काम केलेली, अशा तिन्ही प्रकारांना पुरेल असा एखादा शब्द कोणी सुचवील का?

दुर्गभटक : ‘केलेल्या’ यात मला काहीही वावगे दिसत नाही. लोक अष्टविनायक करतात, चारधाम करतात, आणि आम्हा डोंगर हिंडणाऱ्यांत तर ‘राजगड झाला, तोरणा राहिला’ हीच भाषा चालते. ठरलेल्या यादीतले एकेक ठिकाण पुरे करायचे असले, की मराठी माणूस ‘करणे’ आणि ‘होणे’ या दोन क्रियापदांवरच येतो. मामेसासऱ्यांना त्यांची काशीयात्रा ‘झाली’ का, एवढे विचारून पाहा.

शुद्धमती : अष्टविनायक ‘केले’ म्हणताना यात्रा हा शब्द अध्याहृत असतो, दुर्गभटकराव. जिल्हा करते ते सरकार; १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर हा वेगळा जिल्हा केला, तो कोणी हिंडून केला नाही. मुळात, जिल्हा हा आपला शब्द हाताशी असताना ‘कौंटी’ची उसनवारी कशासाठी, हे मला कळलेले नाही.

कचेरीकर : जिल्हा म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर राज्य सरकारने नेमलेला कलेक्टर येतो, तर कॅलिफोर्नियातल्या बहुतेक कौंट्यांचा कारभार मतदारांनी निवडलेले पाच जणांचे मंडळ पाहते आणि शेरीफ, म्हणजे कौंटीचा पोलीसप्रमुख, हाही निवडूनच येतो. आकाराचेही गणित जुळत नाही. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला अहिल्यानगर जिल्हा सुमारे १७,००० चौरस किलोमीटरचा आहे, आणि एकटी सॅन बर्नार्डिनो कौंटी ५२,००० चौरस किलोमीटरच्या घरात जाते. उलट आल्पाइन कौंटीची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत जेमतेम बाराशे भरली आणि तिच्या हद्दीत एकही नगरपालिका नाही. आमच्या तालुक्यातल्या एखाद्या मध्यम गावातही याहून अधिक माणसे असतात. म्हणून मी ‘परगणा’ सुचवतो. तो भारदस्त आहे, आणि देशमुख-देशपांडे ज्या परगण्यांचे वतनदार होते ते सगळे एका मापाचे नव्हतेच.

भाषाभाविक : शुद्धमतीताई, ज्याला आपण ‘आपला’ म्हणता तो जिल्हा अरबीतून आलेला आहे, मूळ शब्दाचा अर्थ बरगडी, त्यावरून बाजू, आणि त्यावरून मुलखाचा भाग. कचेरीकरांचा परगणाही फारसीच्या वाटेने आला. उसनवारीचेच वावडे असेल, तर उत्तर प्रदेशच्या सरकारी हिंदीप्रमाणे ‘जनपद’ म्हणावे लागेल, आणि तसे कोणी घरात बोलल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मराठी वर्तमानपत्रे इंग्लंडमधल्या सामन्यांसाठी ‘कौंटी क्रिकेट’ असे वर्षानुवर्षे छापत आली आहेत, तेव्हा हा शब्द केव्हाच घरचा झालेला आहे. शिवाय लुईझियानात कौंट्या नाहीतच, तिथे ६४ पॅरिश आहेत. अलास्कात बरो आहेत. सगळ्यांना एकच परगणा लावला, तर राज्याराज्यांतला हा भेदच पुसला जाईल.

शुद्धमती : अरबी असला तरी जिल्हा कित्येक पिढ्या मराठीत नांदला आहे, आणि त्याचे सामान्यरूप, अनेकवचन सारे मराठी वळणाने होते. ‘कौंट्यांमध्ये’ हे एकदा मोठ्याने म्हणून पाहा.

कचेरीकर : ‘खोल्यांमध्ये’ चालते, मग ‘कौंट्यांमध्ये’ का चालू नये? माझा मुद्दा उच्चाराचा नसून अर्थाचा आहे.

गावोगाव : मथळा अजून कोराच आहे, आणि आता लिंगाचा नवा घोळ झाला आहे. कौंटी स्त्रीलिंगी म्हणून मी ‘आल्पाइन झाली’ असे लिहिते, नवरा मनात जिल्हा धरून ‘झाला’ म्हणतो, आणि मुलीने गावाच्या नावाप्रमाणे ‘सॅन मटेओ झाले’ असे लिहून ठेवले आहे. तिचेच कानाला सर्वांत सहज लागते, हे मान्य करावे लागेल.

दुर्गभटक : मुलीचे बरोबर आहे. आपण ‘नाशिक झाले, आता नगर’ असे म्हणतो, तेव्हा तोंडात जिल्हा हा शब्द आलेला नसतो. पण सॅन मटेओ नक्की कशामुळे ‘झाले’? विमानतळामुळे का?

गावोगाव : हो. सॅन फ्रान्सिस्कोचा म्हणून ओळखला जाणारा विमानतळ प्रत्यक्षात सॅन मटेओ कौंटीत आहे. सासूबाई भारतातून आल्या तेव्हा आम्ही त्यांना घेऊन तिथूनच परस्पर घरी गेलो, त्यामुळे त्यांच्या नावावर सॅन फ्रान्सिस्को धरायचे नाही, असे मुलीचे म्हणणे आहे.

भाषाभाविक : नुसत्या विमानतळावर उतरून सॅन मटेओ तरी का धरावे? तिथे उंबरठासुद्धा ओलांडला जात नाही.

कचेरीकर : हद्द ती हद्द. सातबाऱ्यावर विमानतळ वेगळा काढत नाहीत.