दुखापतीमुळे मध्येच फाईट सोडलेला बॉक्सर परत उभा राहू शकतो का?

पंचवटीकर_कोच
मागच्या महिन्यात आपल्या नाशकातच एका स्पर्धेत सिडकोतल्या एका पोराने दुसऱ्या राऊंडला हात वर केला आणि रेफ्रीला सांगितलं की खांदा गेला, पुढे खेळत नाही. झालं, स्टँडमधून लगेच ‘पळाला रे पळाला’ सुरू. नंतर एक्सरेत खांदा निखळलेला दिसला पण तोवर व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरून झालेला. आता पोरगं क्लबला येत नाही, घरचे म्हणतात आयटीआय पूर्ण कर आणि अंबडला कंपनीत चिकट, आणि आमच्यातलेच काही जुने लोक म्हणतात की ज्याने एकदा रिंगमध्ये सोडलं तो परत सोडणारच, त्याच्यावर वेळ घालवू नका.

हे मला अजिबात मान्य नाही. युक्रेनचा हेवीवेट बॉक्सर व्हिताली क्लिचको घ्या. एप्रिल २०००, बर्लिन, समोर ख्रिस बर्ड. व्हिताली तोवर एकही फाईट हरलेला नव्हता, त्या दिवशीही तिन्ही जजेसच्या गुणांच्या कार्डवर पुढे होता, पण खांद्याचा स्नायू फाटला म्हणून नवव्या राऊंडनंतर कॉर्नरमधल्या स्टुलावरून उठलाच नाही. टायटल गेलं आणि वर भित्रा म्हणून शिक्का बसला. तीन वर्षांनी तोच माणूस लेनॉक्स लुईससमोर डोळ्यावर एवढी मोठी जखम घेऊन लढत होता की शेवटी डॉक्टरने फाईट थांबवली, आणि हा थांबवू नका म्हणून भांडत होता, तेव्हाही कार्डवर हाच पुढे. २००४ ला वर्ल्ड चॅम्पियन झाला, गुडघ्यामुळे २००५ ला रिटायर झाला, २००८ ला परत येऊन सॅम्युएल पीटरला हरवून टायटल परत घेतलं. स्टुलावर बसला तो माणूस भित्रा होता की शहाणा, तुम्हीच सांगा.

सातपूर_साऊथपॉ
दादा तुमचा मान ठेवून सांगतो, तुम्ही जे नाव दिलं ते लाखात एक आहे. जे परत आले त्यांचीच नावं आपल्याला माहीत असतात, जे आले नाहीत त्यांना कोण आठवतंय.

मी स्वतः स्टेटपर्यंत खेळलोय. जखम भरते, प्रश्न जखमेचा नाहीच. प्रश्न असा की एकदा थांबलं की सुटका होते हे डोक्याला कळलेलं असतं आणि पुढच्या वेळी पोटात जोरात बसला, श्वास अडकला की तोच रस्ता आधी आठवतो. शिवाय समोरच्याला पण कळलेलं असतं, तो पहिल्या मिनिटापासून त्याच खांद्यावर मारणार, क्लिंचमध्ये, म्हणजे एकमेकांना धरलं की, तोच हात ओढणार.

इंग्लंडचा वर्ल्ड चॅम्पियन केल ब्रूक बघा. २०१६ ला गोलोव्हकिनने एका डोळ्याखालचं हाड मोडलं, कोचने टॉवेल टाकून फाईट थांबवली. २०१७ ला शेफील्डमध्ये, स्वतःच्या गावात, एरल स्पेन्ससमोर दुसऱ्या डोळ्याचं हाड गेलं आणि अकराव्या राऊंडला तो गुडघ्यावर बसला तो उठलाच नाही. त्यानंतर फाईट्स केल्या, २०२२ ला आमिर खानला हरवलं पण, पण वर्ल्ड टायटल पुन्हा कधी मिळालं नाही. याला करिअर परत उभं राहिलं म्हणायचं का? मी तरी नाही म्हणणार.

फिजिओ_गंगापूररोड
दोघेही ‘दुखापत’ म्हणून एकच गोष्ट धरून बोलताय, तसं नसतं. डोळ्याभोवतीचं हाड खालच्या बाजूला फार पातळ असतं, ते मोडलं की डोळा हलवणारा स्नायू त्यात अडकू शकतो आणि माणसाला एकाचे दोन दिसतात. दोन दिसत असताना समोरून येणारा जॅब, सरळ ठोसा, चुकवणार कसा? तिथे थांबणं हा हिमतीचा विषयच नाही. पण ते हाड नीट बसलं तर परत खेळता येतं. डोळ्याचा पडदा सुटला तर मामला वेगळा, तिथे दृष्टीच जाऊ शकते.

खांद्याबद्दल नीट वाचा कारण हे त्या पोराच्या कामाचं आहे. विशीच्या आत खांदा निखळला की तो परत निखळण्याची शक्यता खूप जास्त असते, कारण सांध्याची कड धरून ठेवणारी कूर्चा फाटलेली असते आणि ती एक्सरेत दिसत नाही, एमआरआय लागतो. नुसतं पट्टा बांधून दीड महिन्याने ‘आता दुखत नाही’ म्हणून बॅगवर मारायला लागलं तर दुसऱ्यांदा निघणारच, आणि मग लोक म्हणणार बघा परत सोडलं. ऑपरेशन लागलं तर ते, आणि त्यानंतर महिनोन् महिने व्यायाम, हा रस्ता लांब आहे पण बंद नाही. आपली बॉक्सर निखत झरीनचा खांदा २०१७ ला गेला, ऑपरेशन झालं, जवळजवळ वर्षभर बाहेर होती. २०२२ ला इस्तंबूलमध्ये वर्ल्ड चॅम्पियन, २०२३ ला दिल्लीत परत.

जुना_नाशिककर
आजकालच्या पोरांना जरा लागलं की डॉक्टर. आपला सतीश कुमार टोकियो ऑलिम्पिकला चेहऱ्यावर १३ टाके घेऊन वर्ल्ड चॅम्पियन जलोलोव्हसमोर उभा राहिला. सतीश हरला पण तिन्ही राऊंड पूर्ण केले. सगळ्या देशाने कौतुक केलं ते उगाच नाही.

पंचवटीकर_कोच
काका, सतीशबद्दल मला पण आदरच आहे. पण ते टाके होते, कातडीला. निखळलेला हात कसा वर धरणार आणि गार्ड नसेल तर ठोसे कुठे बसणार, डोक्यावरच ना.

अमेरिकन बॉक्सर जेराल्ड मॅकक्लेलनचं सांगतो. फेब्रुवारी १९९५, लंडन, समोर नायजेल बेन. मॅकक्लेलन सारखे डोळे मिचकवत होता आणि दहाव्या राऊंडला स्वतःहून गुडघ्यावर बसला, रेफ्रीने दहा मोजले. टीव्हीवर बोलणारे म्हणत होते की याने सोडलं, हिंमत संपली. काही मिनिटांत तो कॉर्नरमध्ये कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला पण दृष्टी कायमची गेली. तो बसला तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललं होतं हे त्या हॉलमध्ये कोणालाच माहीत नव्हतं, तरी सगळ्यांनी निकाल देऊन टाकला. म्हणून पोराने हात वर केला की मी आधी विश्वास ठेवतो, चौकशी नंतर. माझ्या क्लबात हा नियमच आहे आणि तो बदलणार नाही.

साऊथपॉ, तुझा मनाचा मुद्दा मी उडवून लावत नाही, पण इंग्लंडचा हेवीवेट डॅनिएल दुबॉइस, त्याचं उत्तर दे. नोव्हेंबर २०२० ला जो जॉइस नावाच्या बॉक्सरसमोर दहाव्या राऊंडला गुडघ्यावर बसला, डाव्या डोळ्याचं हाड मोडलेलं. मोठमोठ्या माजी बॉक्सरांनी धुतला त्याला. डिसेंबर २०२२ ला केविन लेरेनाने पहिल्याच राऊंडला तीन वेळा खाली पाडला, गुडघा पण गेला, तुझ्या हिशोबाने तिथे त्याने सोडायला पाहिजे होतं ना? तिसऱ्या राऊंडला जिंकला! आणि सप्टेंबर २०२४ ला वेम्बलीत ९६,००० लोकांसमोर अँथनी जोशुआला पाचव्या राऊंडला नॉकआऊट.

सातपूर_साऊथपॉ
लेरेनाची फाईट मी बघितलीय आणि ती खरंच मोठी गोष्ट होती, मान्य. पण दुबॉइस ओलेक्सांद्र उसिकसमोर दोनदा हरला तेव्हा लोकांनी परत २०२० च काढलं, हे पण तेवढंच खरं. रॉबर्टो दुरानने १९८० ला शुगर रे लेनर्डसमोर आठव्या राऊंडला पाठ फिरवली, त्यानंतर १९८३ ला आणि १९८९ ला परत वर्ल्ड चॅम्पियन झाला, तरी अजून पहिलं तेच विचारतात. डाग जात नाही दादा. पोराला हे आत्ताच सांगा, नंतर कळलं तर जास्त लागेल.

देवळाली_कॅम्प
आर्मीत होतो, तिथल्या बॉक्सिंगशी संबंध आला म्हणून लिहितोय. तुम्ही सगळे हिंमत, मन यावर बोलताय, पैशाचं कोणीच बोलत नाही. दुबॉइसच्या मागे प्रमोटर होता. सर्व्हिसेसच्या बॉक्सरला ऑपरेशन मिलिटरी हॉस्पिटलात, पगार चालू, खाणं चालू, सहा महिने नुसतं बरं होण्यात घालवता येतात. सिडकोतल्या पोराला एमआरआयचे हजारो रुपये, ऑपरेशन झालं तर तो खर्च वेगळा, वर वडील विचारणार यातून नोकरी लागणार का. आणि ते चूक नाहीत. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे पण त्याला स्पर्धेतलं प्रमाणपत्र लागतं, जिल्ह्यात दुसऱ्या राऊंडला बाहेर पडलेल्या पोराकडे ते कुठून येणार. आपल्याकडची बरीच पोरं इथेच संपतात, मनाने खचण्याच्या आधीच.

चांदवडची_लेक
आपल्याच जिल्ह्यातला दत्तू भोकनळ विसरलात का सगळे? तळेगाव रोहीचा. २०१८ च्या एशियन गेम्सला रोइंगमध्ये सिंगल स्कल्सच्या, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या, फायनलमध्ये शेवटचा आला, तब्येत बिघडलेली. दुसऱ्या दिवशी चौघांच्या बोटीत बसून गोल्ड घेऊन आला. त्या एका रात्रीत त्याला कोणी नावं ठेवत बसलं असतं तर काय झालं असतं?

सातपूर_साऊथपॉ
ताई दत्तूभाऊंचा अभिमान मलाही आहे, पण बोटीत समोरून कोणी मारत नसतं.

आणि एक गोष्ट दादा तुम्ही सोडून दिलीत. दुबॉइसला जॉइसनंतर पहिली फाईट बोग्दान दिनू नावाच्या बॉक्सरबरोबर दिली, दुसऱ्या राऊंडला संपवली. प्रोमध्ये परत येणाऱ्याला माणूस बघून निवडून देतात, विश्वास परत यावा म्हणून. आपल्या अमॅच्युअरमध्ये कोणाशी खेळायचं याची चिठ्ठी निघते. पहिल्याच बाऊटला गेल्या वर्षीचा गोल्डवाला आला तर? तेव्हा खांदा धरेलही, पण पोरगं आतून टिकेल का?

पंचवटीकर_कोच
हा मुद्दा एकदम बरोबर, आणि यावर कोचने काम करायचं असतं. आधी फिजिओ ताई म्हणतात तसा एमआरआय, त्याची वर्गणी आम्ही क्लबात काढतोय. तोवर फुटवर्क, दोरी, चांगल्या हाताने शॅडो, म्हणजे हवेत ठोसे मारायचा सराव. डॉक्टरने सोडलं की ओळखीच्या पोरांबरोबर हलकं स्पारिंग, मग जवळच्या क्लबबरोबर वजन आणि अनुभव बघून दोन-तीन फ्रेंडली बाऊट, तिथे समोरचा आपण ठरवू शकतो. चिठ्ठीवाली स्पर्धा सगळ्यात शेवटी, या सीझनला तर नाहीच. घरच्यांना मी भेटून आलोय, आयटीआय चालू राहू दे, संध्याकाळचे दोन तास द्या एवढंच मागितलं. वडील अजून हो म्हणाले नाहीत.

साऊथपॉ, तो पण तुझ्यासारखा डावखुरा आहे. त्याचे ठोसे झेलायला हातात पॅड धरायला येशील का?

सातपूर_साऊथपॉ
येतो. शनिवारी शिफ्ट सकाळची असते, संध्याकाळी मोकळा आहे. पण स्पर्धेत उतरवायचं की नाही यावर माझं मत मी त्याला मार खाताना बघितल्यावरच देणार, आणि ते नाही असलं तर तोंडावर सांगणार.

फिजिओ_गंगापूररोड
एमआरआयचा रिपोर्ट येईपर्यंत कोणीही पॅड धरायचे नाहीत, चांगल्या हाताला सुद्धा. झटका दोन्ही खांद्यांना बसतो. रिपोर्ट मला पाठवा, मी बघते.