पीएचडीनंतर परदेशी पोस्टडॉक: गोव्यातल्यांनी आपले अनुभव सांगावेत

ताळगावच्या पठारावर विद्यापीठ, दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वास्कोला हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधन केंद्र, झुआरीनगरला बिट्स, जुन्या गोव्यात कृषी संशोधन संस्था. एवढ्याशा गोव्यात दरवर्षी कितीतरी मुलंमुली थिसिस सबमिट करतात आणि दुसऱ्याच दिवसापासून घरात विचारणा सुरू होते, आता पुढे काय? बोटीवर जाणारा, आखातात जाणारा, लंडनला गेलेला प्रत्येक वाड्यावर असतो. त्याला काय विचारायचं हे घरच्यांना कळतं. पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनाला, जाणाऱ्याच्या घरी मात्र सांगणारं कोणी नसतं. माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर पीएचडीनंतर इंग्लंडमध्ये सॅल्फर्डला संशोधन करत होते आणि १९७६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत परतले, हे नाव सगळे घेतात. पण त्यानंतरच्या पन्नास वर्षांत आपल्यातले जे गेले, परतले, तिथेच राहिले किंवा संशोधन सोडून दुसरीकडे वळले, त्यांचं कोणी ऐकलेलं नाही. ते ऐकायचं आहे. फेलोशिप कशी मिळाली, पैशांचं कसं जमलं, आणि मुख्य म्हणजे ती संपल्यावर काय झालं, हे मोकळेपणाने लिहा. आज संशोधनात नसलात तर अवश्य लिहा. त्यांचे अनुभव सगळ्यात कमी सांगितले जातात.

मांडवीकाठ (समुद्रविज्ञान, जर्मनी)

माझा विषय जुना मान्सून. समुद्रतळाच्या गाळात फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्मजीवांची चुन्याची कवचं सापडतात. त्या कवचांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) हजारो वर्षांपूर्वीच्या पाण्याचा अंदाज बांधता येतो. पीएचडी गोव्यातच झाली. ब्रेमेनच्या ज्या प्राध्यापकांकडे जायचं होतं, त्यांचे पेपर मी चार वर्षं वाचत होतो. त्यामुळे ईमेलमध्ये स्वतःची ओळख दोन ओळींत आटोपली आणि त्यांच्या एका आलेखाबद्दलचा प्रश्न विचारला. उत्तर तीन दिवसांत आलं. माझ्या ओळखीतल्या ज्यांना होस्ट, म्हणजे आपल्या गटात घेणारे प्राध्यापक, मिळाले, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात अशाच एखाद्या नेमक्या प्रश्नाने झाली आहे. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग' अशा पत्रांना उत्तरं येत नाहीत, कारण तिकडे तसली पत्रं रोज येतात.

जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपला माझ्या वेळी शेवटची तारीख नव्हती, अर्ज वर्षभर घ्यायचे. मात्र निर्णयाला बरेच महिने लागतात, आणि पोस्टडॉकच्या गटात पीएचडीनंतरची चार वर्षंच मोजली जातात. म्हणून वायवाची (तोंडी परीक्षेची) वाट बघत बसू नका, होस्टशी बोलणं थिसिस लिहितानाच सुरू करा. निवड झाल्यावर जर्मन शिकायचा खर्चही ते देतात, जोडीदाराचासुद्धा. तो वर्ग मनापासून करा. प्रयोगशाळेत इंग्रजी चालतं, पण भाड्याचा करार, डॉक्टर आणि समस्थानिक मोजणारं यंत्र (मास स्पेक्ट्रोमीटर) सांभाळणारा तंत्रज्ञ हे तिघे जर्मनमध्ये बोलतात. आणि त्या तंत्रज्ञाशी पटलं तर नमुने वेळेवर मोजून मिळतात.

फेलोशिप आणि नोकरी यांतला फरकही समजून घ्या. हुम्बोल्टचे पैसे हा पगार नसतो, त्यामुळे आरोग्यविमा आपला आपण घ्यायचा आणि पेन्शनमध्ये काही जमा होत नाही. विद्यापीठाच्या करारावर असाल तर ते सगळं मिळतं, पण तिथे दुसरा कायदा आहे: संशोधक म्हणून तयार होण्याच्या काळातल्या ठरावीक मुदतीच्या नोकऱ्या पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षंच करता येतात. सहकाऱ्यांना चाळिशीच्या आसपास या कायद्यापायी विद्यापीठ सोडावं लागलेलं मी पाहिलं आहे, आणि ती कामाने हुशार माणसं होती. जर्मनीत कायम राहू असं धरून चालणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

विषयाच्या दृष्टीने मात्र ती वर्षं सोन्याची होती. ब्रेमेनला मारुम संस्थेत अटलांटिकच्या तळातले गाळाचे कोअर, म्हणजे खोदून काढलेले नळीसारखे नमुने, रॅकवर ओळीने ठेवलेत. आपल्या अरबी समुद्रात २०१५ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय खोदकाम मोहिमेचे कोअर जपानच्या कोची शहरात आहेत. दोनापावलाच्या खिडकीतून जो समुद्र दिसतो त्याचा इतिहास जपानमध्ये ठेवलाय, हे कळल्यावर परदेशी जाण्याबद्दलचा माझा सगळा संकोच गेला. जिथे नमुने आणि यंत्रं आहेत तिथे जायचं आणि काम शिकून यायचं.

परत येताना वय आडवं येतं. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या (सीएसआयआर) शास्त्रज्ञ पदाची वयोमर्यादा सर्वसाधारण गटात ३२ आहे. पीएचडी तिशीला झाली तर हातात किती वेळ राहतो ते मोजा. मी भारत सरकारच्या रामानुजन फेलोशिपवर परतलो: पाच वर्षं, महिना १,३५,००० रुपये, वर संशोधनासाठी वार्षिक अनुदान. पण ती संपल्यावर कायम जागा मिळेलच अशी हमी कोणी देत नाही. मला मिळाली. माझ्याइतकंच काम असलेल्या एका मित्राला मिळाली नाही, आणि त्यात त्याच्या गुणवत्तेचा काही संबंध नव्हता. त्या वर्षी त्या विषयात जागाच निघाली नव्हती.

कुशावती (जीवविज्ञान, अमेरिका)

मी मडगावची. बोस्टनला पोस्टडॉक केलं, आता संशोधनात नाही, म्हणून लिहिते आहे.

पैशांबद्दल कोणी स्पष्ट बोलत नाही. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने (एनआयएच) २०२४ साठी पहिल्या वर्षाच्या पोस्टडॉकचं मानधन ६१,००८ डॉलर ठरवलं होतं. बऱ्याच लॅब त्याच आकड्याकडे बघून पगार ठरवतात. रुपयांत तो आकडा घरच्यांना मोठा वाटतो. बोस्टनमध्ये घरभाडं, विमा आणि मुलाचं पाळणाघर आलं की तो संपतो. पाळणाघराने तर आमचं कंबरडं मोडलं. नवरा जे-२ व्हिसावर, म्हणजे संशोधकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर होता. जे-२ वर कामाची परवानगी मागता येते, पण ती हातात येईपर्यंत महिने जातात. तेवढ्या महिन्यांची शिल्लक इथूनच घेऊन जा.

माझा स्वतःचा होता तो जे-१ व्हिसा संशोधकाला जास्तीत जास्त पाच वर्षं. शिवाय पैसा सरकारी असेल, उदाहरणार्थ फुलब्राइट-नेहरू, तर नंतर दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय एच-१बी हा नोकरीचा व्हिसा किंवा ग्रीनकार्ड मिळत नाही. डीएस-२०१९ नावाच्या कागदावर आणि व्हिसावर ही अट लिहिलेली असते. सही करण्याआधी वाचा.

माझ्या बॉस चांगल्या होत्या. तरीही तिसऱ्या वर्षी मला स्पष्ट दिसलं की मला प्रयोगांपेक्षा त्या प्रयोगांवर लिहिणं जास्त आवडतं. इतरांच्या ग्रँट आणि पेपर मीच दुरुस्त करून देत होते. आज पर्वरीला घरी बसून औषध कंपन्यांसाठी मेडिकल रायटिंग करते: चाचण्यांचे अहवाल, नियामकांकडे जाणारे दस्तऐवज. मिळकत प्राध्यापकाहून कमी नाही. अजूनही कोणी 'एवढं शिकून सोडून दिलंस?' म्हणतं तेव्हा राग येतो. मी काही सोडलेलं नाही. चाचणीतला आकडा विश्वासार्ह आहे की नाही हे मला कळतं ते त्या लॅबमधल्या वर्षांमुळेच.

अंत्रुजी (रसायनशास्त्र, जपान)

थोडक्यात सांगतो. जेएसपीएस या जपानी सरकारी संस्थेच्या फेलोशिपचा अर्ज जपानमधला होस्ट भरतो, आपण नाही. म्हणजे सगळं त्या प्राध्यापकाला आपण हवे आहोत का यावर. मला महिना ३,६२,००० येन होते, छोट्या शहरात ते पुरून उरतात. बारा ते चोवीस महिने. यंत्रं सकाळी सहालाही मोकळी, शिस्त कडक, शिकायला भरपूर. शाकाहारी असाल तर माशाच्या अर्काकडे लक्ष ठेवा, तो सगळीकडे असतो. आपण मासे खाणारे, आपली अडचण नाही. परतल्यावर वेर्ण्याला औषध कंपनीच्या विकास विभागात लागलो. मुलाखतीत पेपर किती ते कोणी विचारलं नाही. अशुद्धी कशी शोधशील, रिॲक्शन ग्रॅममधून किलोत कशी नेशील, हेच विचारलं.

जुनी कागदपत्रं (इतिहास, पोर्तुगाल)

इथे विज्ञानवालेच लिहितील असं वाटलं, म्हणून मुद्दाम लिहितोय. मी फोंडा तालुक्यातल्या मराठी घरातला. आजोबांकडून मोडी शिकलो, पणजीत पोर्तुगीज शिकलो. गोवा पुराभिलेखागारात गावकारीची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या कारभाराची, जुनी कागदपत्रं आहेत, त्यांत मोडीतली आहेत आणि गोयकानडी या जुन्या लिपीतलीही. लिस्बनला तोर्रे दो तोंबो आणि आर्किव्हु इस्तोरिकु उल्त्रामारिनु या अभिलेखागारांत त्याच कारभाराची दुसरी बाजू आहे. तिथल्या संशोधकांना पोर्तुगीज उत्तम येतं, मोडी येत नाही. त्यामुळे माझ्यासारख्या, तोवर परदेश न पाहिलेल्या माणसाला त्यांनी बरोबरीने वागवलं. आपल्या घरात, देवळाच्या महाजनांच्या पेटीत जी लिपी पडून आहे, ती शिकलेल्याला जगात मागणी आहे हे मी अगदी खात्रीने सांगतो.

त्यानंतरचं सांगायला कठीण आहे. परतल्यावर तीन वर्षं लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासांप्रमाणे पैसे घेऊन, काढली. मे महिन्यात पैसे नाहीत. सरकारी महाविद्यालयातल्या जागेला पंधरा वर्षांचा गोव्यातला रहिवासी दाखला लागतो, कोकणी येणं आवश्यक आणि मराठी येत असेल तर बरं. कोकणी-मराठीचं मला काही नवीन नव्हतं, पण परदेशात राहिलेल्याने दाखल्यासाठीचे सगळे कागद जाण्याआधीच नीट लावून ठेवावेत. नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षाही जाण्याआधी काढून टाका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमांत सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडताना पोस्टडॉकच्या दर वर्षाला २ गुण धरतात, अध्यापनासह जास्तीत जास्त १०. म्हणजे ती वर्षं वाया जात नाहीत, फक्त प्रमाणपत्रावर तारखा स्पष्ट हव्यात. मला अखेर जागा मिळाली आणि आता मी शनिवारी मुलांना मोडी शिकवतो.

सत्तरीची आई

माझा मुलगा नेदरलँड्समध्ये आहे. पोस्टडॉक हा शब्द मला उच्चारायला यायला वर्ष गेलं. शेजारी विचारतात, अजून शिकतोच आहे का? मी सांगते, तो शिकत नाही, तो काम करतो आणि त्याचा पगार येतो. पण पोरांनो, तुम्ही आम्हाला नीट सांगत नाही. करार कधी संपतो, पुढचा मिळाला नाही तर काय, हे मुलाने मला कधी सांगितलं नाही, आईला काळजी नको म्हणून. न सांगितल्याने काळजी दुप्पट होते. त्याच्या बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याला रजा मिळेल की नाही हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. रजा होती, चांगली भरपूर होती. आधी माहीत असतं तर मीच फोन करून बोलावलं असतं.

बार्देसचा (गणित, फ्रान्स)

युरोपियन युनियनच्या मेरी क्युरी फेलोशिपबद्दल. पीएचडीनंतर आठ वर्षांपर्यंतचा संशोधन अनुभव चालतो, नागरिकत्व कुठलंही चालतं. पण ज्या देशात जायचं तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणून ज्याला फ्रान्समध्ये ही घ्यायची आहे त्याने आधी दुसऱ्या पैशावर फ्रान्सला जाऊन बसू नये. मी २०२२ मध्ये अर्ज केला तेव्हा आणखी एक नियम होता: आधीच्या वर्षी त्याच संस्थेसोबत ७० टक्क्यांखाली गुण मिळालेले असतील तर लगेच पुन्हा अर्ज करता येत नाही. घाईत, अर्धवट प्रस्ताव पाठवायचा नाही तो यासाठी. इथे नोकरीचा करार मिळतो, विमा आणि पेन्शनसकट.

झुआरीपार

एक प्रश्न. आजोबांचा जन्म १९६१ पूर्वीचा असल्याने आमच्या घरात काहींनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतलाय. मीही घेतला तर युरोपात पोस्टडॉक सोपं होईल का?

मांडवीकाठ

@झुआरीपार, व्हिसाची कटकट जाते, एवढं खरं. फेलोशिप मिळण्यात मात्र त्याचा उपयोग नाही, हुम्बोल्ट आणि मेरी क्युरी दोन्ही भारतीय पासपोर्टवर मिळतात. आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पोर्तुगीज झालास की भारतीय नागरिकत्व गेलं, आणि सरकारी संस्थांतल्या कायम शास्त्रज्ञ पदांना भारतीय नागरिकत्व लागतं. परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर ती पदं मिळत नाहीत. दोनापावलाला किंवा सड्यावर परतायची इच्छा असेल तर दोन वर्षांच्या फेलोशिपसाठी हे करू नकोस. कायमचं तिकडेच राहायचं ठरलं असेल तर गोष्ट वेगळी, ते घरच्यांशी बसून ठरव.

सड्यावरची

मी गेले नाही. वडील आजारी होते, म्हणून देशातलीच राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिप घेतली, दोन वर्षांची. ध्रुवीय बर्फावर काम करते, आणि परदेशी पोस्टडॉक न करताही नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर नी-ओलसुंडमधल्या आपल्या हिमाद्री केंद्रात राहून आले. हे केंद्र २००८ पासून चालू आहे. परदेशी पोस्टडॉक नसेल तर पुढे काही नाही असं वरिष्ठ मंडळी सर्रास सांगतात. निवड समित्यांत त्याचं वजन असतं, हे मी नाकारत नाही. पण ज्यांना जाता येत नाही, त्यांत मुली जास्त असतात, त्यांनी याच कारणाने विषय सोडून देऊ नये असं मला कळकळीने वाटतं. परदेशी गटासोबत एक चांगला संयुक्त पेपर इथे बसूनही होतो.

नवा पीएचडी

थिसिस सबमिट केलाय, वायवाला अजून चारपाच महिने आहेत. फेलोशिपसाठी पीएचडीनंतरची वर्षं मोजताना तारीख कुठली धरतात? सबमिशनची, वायवाची की पदवीदान समारंभाची?

बार्देसचा

सबमिशनची कोणीच धरत नाही. मी मेरी क्युरीचा अर्ज केला तेव्हा शेवटच्या तारखेपर्यंत वायवा यशस्वी झालेला असणं पुरेसं होतं, पदवी हातात नसली तरी. तू अर्ज करशील त्या वर्षीची मार्गदर्शिका वाच, नियम बदलत असतात. विद्यापीठाकडून निकालाचं नोटिफिकेशन आणि प्रोव्हिजनल प्रमाणपत्र लगेच मागून घे, दोन्हींवर तारीख एकच आहे ना ते बघ. मेरी क्युरीचा अर्ज बहुधा सप्टेंबरात असतो, म्हणजे होस्टला मेपर्यंत गाठायला हवं. विषय कुठला आहे तुझा? गणित किंवा भौतिकशास्त्र असेल तर प्रस्ताव मला पाठव, वाचून देतो.