चौथी मिती डोळ्यांसमोर कशी आणायची?

प्रश्न: लांबी, रुंदी, उंची या तिन्हींना काटकोनात असलेली चौथी दिशा काही केल्या दिसत नाही. काळ म्हणजेच ती का?

उत्तर १: काळ तूर्त बाजूला ठेवा. मी खराट्याच्या काड्या आणि कणकेच्या गोळ्यांचा घन करून टॉर्चजवळ धरला. भिंतीवर मोठ्या चौकोनात छोटा चौकोन, मधल्या चार कडा तिरक्या. घनात त्या सरळच होत्या! चौमितीय घनाची सावली तशीच, घनात घन: 16 कोपरे, 32 कडा.

उत्तर २: कर्णही मोजा. बाजू 1 असेल तर चौरसाचा √2, घनाचा √3, आणि चौमितीय घनाचा नेमका 2. किती देखणं आहे हे!

उत्तर ३: गणितज्ञ मिन्कोव्स्कीने 1908 मध्ये अवकाश आणि काळ एकत्र मांडले, पण अंतराच्या सूत्रात काळाच्या वर्गाचं चिन्ह उलटं असतं. त्यामुळे काळ म्हणजे आणखी एक लांबी नव्हे.

प्रश्नकर्ती: कणीक भिजवली आहे. रात्री दिवे घालवून बघते.