आकडा गुपचूप बदलला, याला दुरुस्ती म्हणायचं का?

खणभागकर:
मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी सहाला व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक आली, सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५३ फूट, पेपरातपण पहिल्या पानावर चौकटीत तेच. आता आयर्विनला ४० ला इशारा आणि ४५ ला धोका, २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं, त्यामुळं ५३ वाचून पाणी शिरणाऱ्या खणभागातल्या माणसाच्या पोटात काय होतं ते उंचावरच्या विश्रामबागेत नाही कळायचं. आईला उठवलं, चौघांनी फ्रिज आडवा करून जिन्यानं वर चढवला, त्यात दरवाजा निखळला. मग शेजारचं पोरगं पुलावर जाऊन बघून आलं तर ३५! आकडे उलटे पडलेले. चूक होते, मान्य. पण परत लिंक उघडली तर तिथं ३५, जसं काय पहिल्यापासनं तेच होतं. छापील खुलासा तिसऱ्या दिवशी, आतल्या पानावर श्रद्धांजलीच्या जाहिरातींखाली, "नजरचुकीने पाणीपातळी चुकीची प्रसिद्ध झाली". बरोबर आकडा किती, ते त्यातपण नाही.

वार्ताहर_वाळवा:
तो पेपर माझा नाही, पण काम तेच करतो म्हणून सांगतो. रात्री आकडा फोनवर मिळतो, पान सोडायची घाई, मुद्रितशोधक तर कधीच काढून टाकलेत. चूक कळल्याबरोबर बदलली ना? मग नवीन वाचणाऱ्याला बरोबर आकडा मिळाला, विषय संपला. "आधी ५३ लिहिलं होतं" असं खाली ठेवलं तर लोक तेवढ्याच ओळीचा स्क्रीनशॉट फिरवतात. आणि रोज खुलासे छापणारा पेपर लोकांना चुका करणारा वाटतो, कधीच न छापणारा बिनचूक. हे पण वाचकांचंच आहे की!

खणभागकर:
दादा, ज्यांनी आधीच वाचलं त्यांचं काय? मिरजेचे मामा दुपारपर्यंत ५३ चा स्क्रीनशॉट धरून फोन करत होते. मी म्हणतोय लिंक उघडा, तर ते म्हणतात सरकारनं दाब टाकून आकडा बदलायला लावला. गुपचूप बदललं की हे असं होतंय.

कृष्णाकाठची:
पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या नियमांत दुरुस्ती ठळक छापा असं आहे की. पण तिथं तक्रार करायची तर आधी संपादकाला लिहायचं, आणि शेवटी कौन्सिल फार तर ताकीद देणार, दंड नाही. वेबसाइट त्यांच्याकडं येतच नाहीत, त्यांना २०२१ चे आयटी नियम, तक्रार निकाली काढायला १५ दिवस. तोवर पाणी आलमट्टीच्या पार गेलं.

हळदवाला:
पुराचं पाणी निदान पुलावर जाऊन बघता तरी येतंय. आमच्यात एकदा हळदीचा किमान दर आणि कमाल दर अदलाबदल होऊन छापला, शेतकरी कात्रण खिशात घालून यार्डात आला आणि अडत्याला चोर म्हणाला. पेपरला फोन केला तर म्हणे उद्या बरोबर देतो. उद्या उद्याचाच दर येणार ना राव!

वार्ताहर_वाळवा:
दर तुम्हीच लोक सांगता, आम्ही काय स्वप्नात बघतो का 😀

गणपतीपेठ:
पाटबंधारेवाले पातळी सांगत असतात, तिथं बघायचं सोडून पेपरवर फ्रिज उचलायचा कशाला? एवढी मापं काढू नका.

कृष्णाकाठची:
मग पेपर पातळी छापतोय कशाला? 'द हिंदू'नं २००६ ला वाचक संपादक, म्हणजे वाचकांच्या तक्रारी बघणारा माणूस, नेमला, दुरुस्त्या ठरलेल्या जागी छापल्या. त्यांचा खप काय बुडाला नाही.

वार्ताहर_वाळवा:
ताई, त्यांच्याकडं माणसं आहेत, आमच्या डेस्कवर रात्री दोघं. तरी बातमीवर "सुधारित" आणि वेळ टाका म्हणून सांगून बघतो. जुना आकडा मात्र ठेवणार नाहीत.

खणभागकर:
जुना आकडाच तर पाहिजे. नुसतं "सुधारित" बघून मामा म्हणणार, बघ, मी म्हणत नव्हतो?